अनुसयाबाईच्या मापाची घोंगडी

नरसी नामदेवच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून मैलभर आत गेलं की तीसेक उंबऱ्यांची एक वाडी लागते. तिथं अनुसयाबाई राहते. उंची उणीपुरी साडेचार फूट. पाण्याच्या टाकीवर बायका तिला चिडवायच्या, की अनुसयाबाई मेंढरांमागं निघाली की लांबून मेंढरंच दिसतात, बाई दिसतच नाही. त्यावर तीच सगळ्यांत मोठ्यांदा हसायची. साठी उलटलेली, पण दिवसभर पायाला विसावा नाही. घरी चाळीस मेंढ्या, चार शेळ्या आणि तीन एकर कोरडवाहू. नवरा संपतराव, मुलगा प्रभू आणि सून अंजली, एवढं घर.

दोनेक वर्षांमागं पौषात संपतरावांना ताप आला. पहाटेच मेंढ्या घेऊन निघायचं होतं आणि थंडी अशी, की बोलायला तोंड उघडलं तरी दात वाजावेत. अनुसयाबाईनं खुंटीवरची नवऱ्याची घोंगडी काढली, डोक्यावरून खोळ मारली आणि निघाली. संपतराव सहा फुटाला टेकलेले. त्यांच्या पोटरीपर्यंत येणारी घोंगडी तिच्या टाचेखाली येऊन आणखी वीतभर मागं फरफटत चाललेली. दवानं भिजून ती जड झाली. ओढ्याच्या उतारावर तिचा पाय घोंगडीतच अडकला आणि बाई घोंगडीसकट गडगडत खाली गेली. लागलं फार नाही, गुडघे सोलवटले. पण वर बघते तर चाळीसच्या चाळीस मेंढ्या काठावर रांगेनं उभ्या राहून तिच्याकडं बघताहेत.

घरी आल्यावर तिनं गुडघ्याला हळद लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मला माझ्या मापाची घोंगडी पाहिजे. आपल्या मेंढरांच्या लोकरीची. मागावर विणून घेणार."

संपतराव अंथरुणातूनच म्हणाले, "अगं, हिंगोलीत पाचशेला बिलांकीट भेटतं. लई ऊबदार."

"ते दवात भिजलं की गार फडकं. तुमी काहून न्हाई घेत बिलांकीट? तुमाला घोंगडी लागती ना?"

"आमचं निराळं. आमी रानात जातो."

"आन मी कुठं जाते? महालात?"

संपतरावांनी कूस बदलली. आणि तिचं म्हणणं खरंच होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून अनुसयाबाईनं घरातल्या प्रत्येक घोंगडीचं सूत कातलं होतं. सासऱ्यांची, दिराची, नवऱ्याची, पुढं प्रभूची. पण बाईमाणसासाठी म्हणून घोंगडी विणून आणावी, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्याही नाही.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर सून वही घेऊन बसली. अंजली वाडीतल्या बचत गटाची सचिव. आकडेमोड तिच्या आवडीची, आणि सासू अशी हट्टाला पेटलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली होती.

"आत्याबाई, आधी सांगा, काय काय लागंल?"

अनुसयाबाईला लिहिता येत नव्हतं, पण तोंडी हिशोबात ती कुठल्याही बाजारात कुणाला हरली नव्हती. ती बोटांवर मोजत सांगू लागली. "लोकर घरची. तिचं काही धरू नको."

"कातरणी? मेंढीमागं वीस रुपये घेतो कातरणारा."

"ते मेंढरांच्या खात्यावर. मला घोंगडी न्हाई केली तरी कातरावंच लागतं. पिंजायची कमान माळ्यावर हाय, तिची तात तुटली. नवी बसवायला दीडशे. सूत मी कातीन. खळीला चिंचोके लागतात, ते फुकट, दळायचे चाळीस रुपये लिव्ह."

"विणाई?"

इथं ती अडली. शेवटची घोंगडी विणून आणली त्याला पंधरा वर्षं झाली असतील. "दोन हजार लिव्ह," ती अंदाजानं म्हणाली. औंढ्याला विणकराकडं जायच्या तीन खेपा, एसटीचं अर्धं तिकीट धरून एकशे ऐंशी. वरखर्चाला एकशे तीस. अंजलीनं बेरीज केली. अडीच हजार.

"हळद शिजवायच्या कामाला यंदा तीनशे रोज हाय," अनुसयाबाई म्हणाली. "नऊ दिवसांची मजुरी माझी. बाकीची घरात देते. सत्तावीसशे झाले. दोनशे उरतील."

संपतराव अंधारातून म्हणाले, "उरलेल्या दोनशाचं बिलांकीट आण."

माघ सरता सरता मेंढ्या कातरल्या. आजकाल लोकरीला कुणी विचारत नाही. कातरलेली लोकर बांधावर टाकून द्यायची, वाऱ्यानं जिकडं जाईल तिकडं जाऊ द्यायची, असंच चाललेलं. यंदा अनुसयाबाई कातरणाऱ्याच्या समोर चादर पसरून बसली. काळी लोकर एका गठुड्यात, आणि कोकरांची पहिल्यांदा कातरलेली मऊसूत लोकर, जिला जावळ म्हणतात, ती दुसऱ्या गठुड्यात. कातरणारा वैतागला. "मावशे, गादी भरून राहिली का?"

"तू कातर. तुला पैसे भेटून राहिले ना?"

हळदीचे नऊ दिवस भरले, पैसे डब्यात पडले, आणि फाल्गुनात ती एसटीनं औंढ्याला गेली. तिच्या ओळखीचा विणकर एकच, शिवहार. नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत त्याचं घर. जाऊन बघते तर घरापुढं नारळाचं, बेलफुलाचं दुकान मांडलेलं. माग कुठंच नाही.

"शिवहारभाऊ, माग कुठाय?"

शिवहारनं पायाखाली बोट दाखवलं. मागाच्या खड्ड्यात डबर भरून वर शहाबादी फरशी टाकलेली आणि फरशीवर नारळाची पोती. "आठ वर्षं झाली, अक्का. घोंगडीत काय राह्यलं न्हाई. बोला, नारळ किती देऊ?"

तिनं सगळं सांगितलं. पडल्याचंही सांगितलं. आतून त्याची बायको रूपाबाई चहा घेऊन आली, ती चाळीस मेंढ्यांचं ऐकून हसता हसता ओट्यावरच बसली. पण शिवहारला परत त्या खड्ड्यात उतरायचं नव्हतं. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून त्यानं मोठा आकडा सांगितला. "सहा हजार पडतील."

त्याला वाटलं, बाई उठून जाईल. अनुसयाबाईनं बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "कशाचे?"

"आं?"

"सहा हजार कशाकशाचे? फोड करून सांगा."

शिवहारला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "सुताचे अठराशे. खड्डा उकरायचा, माग दुरुस्त करायचा, बाराशे. आन विणायचे... तीन हजार."

"सूत मी कातून आणते. अठराशे गेले. खड्डा आमचे मालक आन प्रभू येऊन उकरतील. दुरुस्तीला दोरी-लाकूड काय लागंल त्याचे दोनशे ठेवा, हजार गेले. राह्यले बत्तीसशे."

रूपाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. शिवहारला सुटायला शेवटची एकच वाट दिसली. "आधी सूत तर आणा. मग बघू."

बत्तीसशे म्हणजे तिच्या अंदाजाच्या बाहेरच होते. पण एसटीत बसता बसता ती मनाशी म्हणाली, सूत तर होऊ दे.

मग सुरू झालं कातणं. सकाळी अंगणात कमान घेऊन लोकर पिंजायची, आणि तिचे पेळू करून ओटीत घालून मेंढ्यांमागं जायचं. हातात चाती. चालता चालता ती लाकडी चाती गरगर फिरायची आणि सूत उतरायचं. हात सवयीचे होते, पण पंधरा वर्षांनी आठ दिवस बोटं सुजली. संपतराव बांधावर बसून बघायचे. पहिला महिना त्यांनी थट्टा केली. दुसऱ्या महिन्यात एक करडू सुताचा गुंडा तोंडात धरून पळालं, तर तेच धोतर सावरत अर्धं शिवार त्याच्यामागं पळाले. गुंडा सोडवून आणला आणि वळचणीला उंच टांगलेल्या दुरडीत ठेवला. त्या दिवसापासून दुरडीवर त्यांची नजर असायची. कुणी आलं-गेलं की सांगायचे, "आमच्या घरात सूत निघून राह्यलं. असं सूत आता बघायला भेटत न्हाई."

पावसाळ्यात कामं वाढली तसं कातणं मंदावलं. भादव्यात वजन केलं तर काळं सूत अडीच किलो आणि जावळाचं अर्धा किलो भरलं.

दसरा झाल्यावर ऊन पडलं आणि तिघं औंढ्याला निघाले. अनुसयाबाई, संपतराव आणि प्रभू. खांद्यावर टिकाव, फावडं. शिवहार दुकानात गिऱ्हाईकाला नारळ देत होता. समोर हे सैन्य बघून तो दचकला. अनुसयाबाईनं एक गुंडा त्याच्या हातात दिला.

त्यानं धागा उलगडला. दोन बोटांत धरून ताणला, उन्हाकडं केला, मग अंगठ्यानं पिळून बघितला. गिऱ्हाईक सुट्टे पैसे मागत होतं, त्याचं त्याला भानच नव्हतं.

"सगळं असंच हाय?"

"सगळं."

"हे जावळ का?"

"व्हय. डोक्याकडचा हातभर पट्टा जावळाचा काढायचा. मानंला टोचू न्हाई म्हणून."

शिवहारनं वळून हाक मारली, "रूपे, पोती हलव."

दुपारपर्यंत खड्डा मोकळा झाला. माळ्यावरून मागाची लाकडं उतरली, पुसली, जुळवली. एक फणी किड्यानं खाल्ली होती, ती शेजारच्या सुताराकडून दीडशेत नीट करून घेतली. मग माप घ्यायची वेळ आली.

"नेहमीची सहा हात असती," शिवहार म्हणाला.

"मला पाच हात."

"पाच तर पाच. घेतो मोजून." त्यानं हात लांब केला.

"तुमच्या हातानं न्हाई," अनुसयाबाईनं आपला छोटा हात पुढं केला. "माझ्या."

प्रभू इतका हसला, की त्याच्या हातातलं फावडं पडलं. पण शिवहार हसला नाही. त्यानं खरोखर तिला उभं केलं, दोरीनं डोक्यापासून पोटरीपर्यंत माप घेतलं, खोळ किती खाणार ते धरलं आणि दोरीला गाठ मारली. "चाळीस वर्षं माग चालवला, अक्का," तो म्हणाला. "माणूस उभं करून पहिल्यांदाच माप घेतलं."

मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावला, त्या दिवशी अनुसयाबाई मदतीला थांबली. दुसऱ्या दिवशी चिंचोक्याची खळ शिजवून कुंच्यानं सुतावर चढवली आणि उन्हात वाळवली. मग शिवहार खड्ड्यात उतरला. गुडघे कुरकुरले, पहिले चार धागे वाकडे गेले, ते त्यानं उसवले. आणि मग हात बसला. मागाचा ठकठक आवाज आठ वर्षांनी गल्लीत घुमला, तशी माणसं दारात यायला लागली.

तिसऱ्या दिवशी अनुसयाबाई अंजलीला घेऊन बघायला आली होती. तेव्हाच गल्लीतले बंडोपंत डोकावले. निवृत्त कारकून, रोज पहाटे पूजेला बसणारे. "अरे शिवहार, माग सुरू केलास! मला पूजेला बसायला हवीच होती रे एक. केवढ्याला पडेल?"

शिवहार मान वर न करता सवयीनं म्हणाला, "द्या की दोन हजार."

अनुसयाबाई ताडकन उठली. "दोन हजार? आन मला सहा सांगितले?"

शिवहार ओशाळला. "अक्का, तुमाला परत पाठवायला सांगितले होते. खरा भाव हाच. आठ वर्षांआधी तर पंधराशेला देत होतो."

"सुतासकट?"

"सुतासकट."

"सूत तेव्हा केवढ्याचं?"

"नऊशेचं."

अनुसयाबाईनं सुनेकडं बघितलं. अंजलीनं पिशवीतून वही काढली. दोघींनी त्याला खड्ड्यातून बाहेर बोलावलं आणि ओट्यावर बसवलं. "भाऊ, ताण्यापासून शेवटपर्यंत तुमचे दिवस किती?" अंजलीनं विचारलं.

"सात धरा."

"मजुरी? गवंडी सातशे घेतो."

"गवंडी कशाला... पाचशे."

"पस्तीसशे. आन रूपाबाईंचे? ताण्याला त्या, खळीला त्या, वाळवायला, कडा बांधायला त्या."

शिवहार म्हणाला, "ती घरचीच हाय."

"घरची हाय म्हणून हात दुखत न्हाईत का?" अनुसयाबाई म्हणाली. "तीन दिवस तरी होत्यात. हळदीच्या रोजानं धरू, तीनशे."

"नऊशे," अंजली म्हणाली. "दोघांचे मिळून चव्वेचाळीसशे. आन तुमी आठ वर्षांआधी पंधराशेला देत होते. नऊशे सुताचे गेले, म्हणजे दोघांच्या दहा दिवसांचे सहाशे घेत होते. मजुरी तेव्हा निम्मी धरली तरी बावीसशे होत्यात."

शिवहार वहीकडं बघत राहिला. तो वाचू शकत होता, त्यानं दोनदा वाचलं. इतकी वर्षं तो म्हणायचा, घोंगडीत काही राहत नाही. कुठं जातं ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. रूपाबाई मात्र हसत नव्हती. वहीतल्या आपल्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे माझे ना? तीस वर्षं खळ लावली मी. मला कुणी मोजलंच न्हाई." आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, ते तिनं लगेच पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता मोजायचं. न्हाई तर उद्यापासून खळ तुमीच शिजवा."

सगळे हसले, तसा ताण उतरला. अंजलीनं चव्वेचाळीसशेत सुताचे अठराशे मिळवले आणि वही बंडोपंतांपुढं धरली. बासष्टशे. ते चष्मा सरसावून ओळ न् ओळ वाचत होते. "फार होतात बुवा," ते आधी म्हणाले. मग परत वाचलं. "पण यातलं कमी काय करायचं, तेही कळत नाही." थोडा विचार करून त्यांनीच वाट काढली. "मला पांघरायची नाही, बसायचीच आहे. अर्धी करून दे. आसन." अंजलीनं लगेच मांडलं. निम्मं सूत, निम्मी विणाई, एकतीसशे. बंडोपंतांनी हजार रुपये तिथंच विसार म्हणून काढून दिले.

ते गेल्यावर अनुसयाबाई मात्र कनवटीचे पैसे चाचपू लागली. तिच्या ध्यानात आलं होतं, की आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. खरा हिशोब झाला म्हणजे तिच्या घोंगडीचे आता विणाईचे चव्वेचाळीसशे आणि दुरुस्तीचे दोनशे, मिळून सेहेचाळीसशे. गाडीभाडं घरातून भागलं होतं, तरी तात आणि दळण जाऊन तिच्या पदरात होते अडीच हजार.

शिवहारनं ओळखलं. "अक्का, आपलं बोलणं झालं ते झालं. तुमी बत्तीसशेच द्या. आत्ता नसंल तर पुढं द्या."

"न्हाई. हिशोब माझ्या सुनेनं केला. बंडोपंतांना एक आन मला एक, असं कसं?" तिनं पुन्हा बोटांवर मोजायला सुरुवात केली. "अडीच हजार रोख घ्या. राह्यले एकवीसशे. तुमाला आसनाला सूत लागंल, पुढं अजून कुणी येईल. एका घोंगडीचं सूत मी कातून देते. अठराशे फिटले."

"आन तीनशे?" अंजलीनं विचारलं.

"एक दिवस येऊन ताण्याला खळ लावते. रूपाबाईंच्याच रोजानं."

रूपाबाई म्हणाली, "या. मीच मुकादम."

पाचव्या दिवशी घोंगडी मागावरून उतरली. कडा बांधल्या, घासली, एकदा उन्हात टाकली. काळी कुळकुळीत, आणि डोक्याकडं हातभर जावळाचा भुरकट पट्टा. आठवड्यानं अनुसयाबाई ती आणायला गेली तर ओट्यावर संपतराव आधीच येऊन बसलेले. घरी हिंगोलीला जातो म्हणून सांगून निघाले होते. तिनं खोळ मारली. खालचा काठ बरोबर पोटरीवर आला. ती गल्लीत दहा पावलं पुढं गेली, दहा पावलं मागं आली, मग सगळ्यांदेखत एक उडी मारून बघितली.

"पडली न्हाईस," संपतराव म्हणाले. मग जवळ येऊन जावळाच्या पट्ट्यावरून हात फिरवला. "लई मऊ झाली गं." त्यांच्या घोंगडीला जावळ नव्हतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण परतीच्या एसटीत थंडी नसतानाही त्यांनी तिच्या घोंगडीचं टोक आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. शिवहारचा माग उन्हाळ्यात आणि दसऱ्यानंतर चालतो, मधल्या दिवसांत नारळ. भाव विचारला की तो वहीचं पान पुढं करतो. निम्मे लोक निघून जातात, निम्मे थांबतात, आणि तेवढे त्याला पुरतात. पानावर वरच्या ओळीत रूपाबाईचं नाव आहे, ते तिनं स्वतः मागं लागून वर लिहून घेतलं. यंदा वाडीतल्या आणखी दोघी अनुसयाबाईजवळ कातायला बसतात. बांधावर उडून जाणारी लोकर आता कुणी टाकत नाही. उलट तिच्यावरून एकदा भांडणही झालं.

परवा सुताचं गठुडं घेऊन अनुसयाबाई औंढ्याला निघाली होती. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं घोंगडीला हात लावून बघितला आणि सहज विचारलं, "मावशी, केवढ्याची हो?"

"कशाकशाची सांगू?" अनुसयाबाई म्हणाली आणि सावरून बसली. कातरणीपासून सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या दोघी मागं वळल्या. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता तिथंच थबकला, खांबाला टेकून ऐकू लागला. औंढ्याचा स्टँड आला, गाडी थांबली, लोक उतरायला लागले, आणि अनुसयाबाई अजून चिंचोक्यांपर्यंतच पोचली होती.